कापसाचा बोळा

रुवीत दुसऱ्या मजल्यावर आमचा दवाखाना.
खाली सोनार.
पिवळं तिथेही तोलतात, इथेही.

फॉर्मवर आधी राष्ट्रीयत्व, मग वय,
मग दुखतं कुठे.
हा क्रम मी ठरवलेला नाही,
पण अकरा वर्षांत हाताला सवय झाली आहे:
पहिला रकाना वाचला
की कोणता ट्रे काढायचा ते हातच ठरवतो.
तेलकंपनीतले जर्मन साहेब, अडुसष्ट: कॅपचा ट्रे.
निझव्याच्या झुवैनाआजी, बहात्तर: रूट कॅनाल, दुसरी बैठक,
मुलगा खाली गाडीत एसी चालू ठेवून.
चिमट्यांचा ट्रे मात्र सकाळपासून उकळून तयार असतो
चितगावच्या, पेशावरच्या, कोकणातल्या तोंडांसाठी.
त्यांच्या विमाकार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं
दात काढण्याचे पैसे मिळतील.
वाचवण्याचे, असं कुठेच लिहिलेलं नसतं.

अब्बास होडेकर, चौसष्ट, मुक्काम साखरतर.
चौतीस वर्षं परांचीवर.
गुरुवारचं विमान, कायमचं.
मी आरसा आत घातला, तक्ता भरला:
वर काही नाही,
खाली सात, त्यातले चार हलतात.
डॉक्टर म्हणाले, लिही, सवय: मिश्री.
लिहिलं.
एका नळावर सोळा माणसं,
पहाटे साडेतीनची बस,
जेवणाच्या जागी साखर तळाशी बसलेला चहा,
ह्याला तक्त्यात जागा नव्हती.
बत्तीस चौकोन होते फक्त.

भूल चढेपर्यंत ते बोलत राहिले,
जीभ जड होईल तशी वाक्यं आखूड होत गेली.
नव्वद साली डोंगरीच्या एका माडीवर
एजंटने तोंड उघडायला लावलं होतं.
बोट फिरवून मोजले.
बत्तीस.
म्हणाला, चालेल.

माझे अण्णा सांगोल्याच्या बैलबाजारात दलाल होते.
अंगठ्याने ओठ वर सारायचे:
आदत, दुसा, चौसा, जुळला.
जुळलेल्याला भाव.
लहानपणी मी विचारलं होतं,
म्हातारा झाला की ह्याचे दात कोण बघतं?
अण्णांनी रुमालाखालची बोटं मोडली
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

चार दात निघाले.
बशीत खडीसाखर पडावी तसा आवाज.
कवळीचे दीडशे रियाल, मी सांगितलं,
आणि लगेच पुढे: गावी स्वस्तात होईल, काका.
ते खोटं नव्हतं.
पण झुवैनाआजींना मी असं म्हटलं नसतं.

सामान बांधून झालं का, असं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.
झालं.
नातवंडांना बदाम, पिस्ते,
आणि मत्रा बाजारातले भाजलेले चणे, दोन किलो.
चणे म्हणाले आणि थांबले.
म्हण दोघांनाही आठवली.
दोघांनीही गिळली.

मी कापसाचा बोळा ठेवला.
अर्धा तास घट्ट चावून धरा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
बधिर ओठातून शब्द ओघळला:
बाय, कशावर?

तेवढंच.
तक्रार नव्हती त्यात, खरंच विचारत होते,
मिस्त्रीला विचारावं, फळी कुठे टेकवू.
माझी उजवी दाढ दिवाळीपासून ठणकते आहे,
माझंही कार्ड तेच,
आणि मला उत्तर सुचलं नाही.

मग त्यांनीच आपला अंगठा तोंडात घातला,
बोळा दाबून धरला,
दुसऱ्या हाताने पिशवी उचलली
आणि तसेच जिना उतरले.
कठडा धरायला हात उरला नव्हता.

मी खिडकीतून बघत होते.
सोनाराच्या काचेपाशी ते क्षणभर थांबले,
आतला तराजू हलत होता.
मागे डॉक्टरांनी हाक मारली,
पुढचा.